उन्हाळी

लघवीला आग होणे, थेंबथेंब होणे, जाऊन आल्यावरही पुन्हा जावेसे वाटणे, या त्रासाला मराठीत ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात. ‘उन्हाळे लागले’ असेही ऐकू येते. अंगात उष्णता वाढली की असे होते, ही समजूत या नावातच आहे. सांगली-सातारा भागातला रुग्ण दवाखान्यात बहुधा हाच शब्द घेऊन येतो. वैद्यकाच्या दृष्टीने उन्हाळी हा आजार नव्हे, ती तक्रार आहे. तिच्या मागे नुसते पाणी कमी पडणे, जंतुसंसर्ग, वाढलेली प्रोस्टेट (पुरुषाच्या मूत्राशयाखालची ग्रंथी), मुतखडा, क्षय किंवा मूत्राशयाचा कर्करोग यांपैकी काहीही निघू शकते. ही कारणे एकमेकांपासून निवडून काढणे हेच निदानातले खरे काम.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हा सांगलीचा पूर्व भाग आणि साताऱ्यातले माण-खटाव हे पर्जन्यछायेतले तालुके. तिथल्या उन्हात घामावाटे पाणी जाते, लघवी घट्ट व गडद पिवळी होते आणि आग होते. कृष्णाकाठी पाण्याची ददात नाही, पण उसाच्या फडात तोडणीला वाकलेल्या बाईला त्याचा काय उपयोग? पहाटे अंधारात कोपीतून, म्हणजे पाचटाच्या झोपडीतून निघायचे, आडोसा नाही म्हणून दिवसभर लघवी दाबून धरायची आणि ती दाबावी लागू नये म्हणून पाणीच प्यायचे नाही. साठलेल्या लघवीत जंतूंना वाढायला सवड मिळते आणि त्यांना धुऊन काढणारी धारही उरत नाही. अशा बाईला ‘भरपूर पाणी प्या’ एवढे सांगून भागत नाही. फडावर आडोसा कुठे आहे, हे आधी विचारावे लागते.

धने-जिऱ्याचे पाणी, भिजवलेला सब्जा, वाळा घातलेले माठातले पाणी, ताक हे घरोघरचे उपाय. काही घरांत पायाच्या अंगठ्याला चुना लावतात. पेयांनी लघवी पातळ होते, त्यामुळे नुसत्या उन्हाने झालेला त्रास एक-दोन दिवसांत शमतो आणि तो आराम खरा असतो. मात्र थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे, उलट्या किंवा लघवीत रक्त दिसले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. गरोदर बाई, मधुमेही, लहान मूल आणि पुरुष यांनी तर नुसती आग असली तरी तपासून घ्यावे.

बायकांमध्ये उन्हाळीचे नेहमीचे कारण जंतुसंसर्ग. स्त्रीची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटर लांब, पुरुषाची सुमारे २०. म्हणून जंतूंना तिच्या मूत्राशयापर्यंतची वाट जवळची. बहुतेक वेळा आतड्यातला ई. कोलाय हा जंतू सापडतो. तपासणी साधी असली तरी नमुना नीट घेतला नाही तर वाया जाते. बाटली हातात देऊन ‘तिकडे जाऊन या’ म्हणण्याची पद्धत वाईट. जागा धुवावी, पहिली धार सोडून द्यावी, मधली बाटलीत घ्यावी आणि बाटलीच्या आतल्या कडेला बोट लावू नये, हे सांगायला अर्धा मिनिट लागतो. रुग्ण संकोची असेल तर नर्सने सांगावे. संसर्ग पुन्हापुन्हा होत असेल, गरोदरपण असेल किंवा ताप असेल, तर अँटिबायोटिकची पहिली गोळी देण्याआधी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, नमुना पाठवावा.

साध्या संसर्गाला नायट्रोफ्युरँटॉइन ५ दिवस किंवा फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एकच पुडी पुरते. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दोन-तीन गोळ्या घ्यायच्या आणि आग थांबली की सोडून द्यायच्या, या सवयीने जंतू औषधांना दाद देईनासे होतात. लघवीची आग कमी करणारे गोडसर सायट्रेटचे सिरप खूप खपते. त्याने जळजळ कमी होते, जंतू मरत नाहीत. शिवाय नायट्रोफ्युरँटॉइन आम्लधर्मी लघवीत जास्त चांगले काम करते, सिरप लघवी अल्कधर्मी करते. म्हणून ही जोडी टाळलेली बरी.

लघवीत पू भरपूर, पण साध्या कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, असे वारंवार झाले तर मूत्रमार्गाचा क्षय मनात यायलाच हवा. त्यासाठी सकाळच्या पहिल्या लघवीचे नमुने लागोपाठ तीन दिवस तपासतात.

पन्नाशीनंतरचा पुरुष ‘उन्हाळी’ म्हणतो तेव्हा त्याला रात्री किती वेळा उठावे लागते, धार बारीक झाली का, सुरू व्हायला वेळ लागतो का, हे विचारावे. पुष्कळदा हे प्रश्न बायको किंवा मुलगा खोलीबाहेर गेल्यावरच विचारता येतात. प्रोस्टेट ग्रंथी वाढली की मूत्राशय पुरते रिकामे होत नाही. सोनोग्राफीत लघवी करण्याआधी आणि नंतर पाहिले की मागे किती उरले ते कळते. टॅमसुलोसिनची ०.४ मिलिग्रॅमची गोळी काही दिवसांतच धार सुधारते. ती सुरू केल्यावर अंथरुणातून झटकन उठू नये, चक्कर येते. संसर्ग असताना पीएसए ही प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीची रक्ततपासणी करू नये. आकडा उगाच वाढलेला येतो आणि घर कर्करोगाच्या धास्तीत बसते. सर्दीच्या काही गोळ्यांनी अशा माणसाची लघवी अचानक तुंबते. मग नळी घालण्यावाचून गत्यंतर नसते.

दुखत नाही, आग नाही आणि लघवी लाल झाली, तर लोक निर्धास्त राहतात. खरे तर हेच सर्वांत काळजीचे. चाळिशीपुढच्या, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसात एकदाच रक्त दिसून थांबले तरी दुर्बिणीने मूत्राशय पाहावे. धूम्रपान हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमुख कारण आहे.

मुतखड्याची कळ कुशीतून जांघेत उतरते आणि माणूस एका जागी स्थिर बसू शकत नाही. खडा मूत्राशयाच्या तोंडाशी आला की कळ ओसरते आणि उरते ती नुसती उन्हाळी. ५ मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात. माणदेशात हुलग्याचे माडगे किंवा कढण पाजतात. त्यातले पाणी उपयोगाचे, पण कॅल्शियमचा खडा त्याने विरघळत नाही. दूध बंद करण्याचा सल्ला चुकीचा आहे. कमी करायचे ते मीठ. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. अडकलेला खडा आणि ताप एकत्र आले तर आधी लघवीला वाट करून द्यावी लागते, खडा नंतर.

१८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारले, १९६२ मध्ये तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. मिरजेला ऑपरेशनसाठी जाण्याची या भागाची सवय अशी जुनी. खड्याच्या बऱ्याच शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतात. दुर्बिणीतून खडा काढल्यावर मूत्रवाहिनीत, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात येणाऱ्या वाटेत, डीजे स्टेंट ही मऊ नळी ठेवतात. ती असेपर्यंतही आग आणि घाई राहते, हे रुग्णाला आधी सांगितलेले नसले की तो खडा पुन्हा झाला म्हणून घाबरतो. नळी साधारण २ ते ६ आठवड्यांत काढायची असते. महिनोन्‌महिने आत राहिली तर तिच्यावरच खडे चढतात आणि मूत्रपिंड धोक्यात येते. ऊसतोड कामगाराला तारीख देताना म्हणून कारखान्याचा पट्टा कधी पडणार, म्हणजे गाळप हंगाम कधी संपणार, ते विचारावे. टोळी गावी परतली की ती पुढच्या दिवाळीनंतरच येते. नळी त्याआधी, हंगाम चालू असतानाच निघाली पाहिजे. ती तारीख फाइलवर लिहावी, मुकादमाचा फोन नंबरही लिहून घ्यावा.