मार्करांमधील घूर्णन कोन

यंत्राच्या भागावर पक्का बसवलेला बिंदू आणि त्या भागाबरोबर फिरणारे, एकमेकांना काटकोनात असलेले तीन अक्ष मिळून मार्कर होतो. अ‍ॅडम्ससारख्या यांत्रिक सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रँक किती फिरला, चाक किती वळले हे एका मार्करची दिशा दुसऱ्याच्या तुलनेत मोजून काढतात. कोन काढणाऱ्या फंक्शनमध्ये (तयार सूत्रात) आधी फिरणारा मार्कर लिहायचा, मग संदर्भाचा. अदलाबदल झाली की उत्तराचे चिन्ह उलटते.

बिजागरीसारख्या सांध्यात काम सोपे असते. दोन्ही मार्करांचे झेड अक्ष बिजागरीच्या रेषेत ठेवले की एकच कोन उरतो. झेड अक्ष जुळले नाहीत तर मात्र गोंधळ होतो. समजा, चाक संदर्भाच्या एक्स अक्षाभोवती 30 अंश कलले आणि मग स्वतःच्या अक्षाभोवती 45 अंश फिरले. चाकाच्या एक्स अक्षाची संदर्भाच्या एक्स-वाय प्रतलावर पडलेली छाया मोजली तर सुमारे 40.9 अंश मिळतात, वाय अक्षाची मोजली तर 49.1. दोन्ही गणिते बरोबर, पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांतले एकही नाही.

भाग तिन्ही दिशांना फिरत असेल तर ऑयलर कोन, म्हणजे ठरलेल्या अक्षांभोवती एकामागून एक फिरवण्याचे तीन कोन, घेतात, आणि तिथे क्रम सांगावाच लागतो. पुस्तक टेबलावर ठेवून आधी उभ्या अक्षाभोवती आणि मग आडव्या अक्षाभोवती 90 अंश फिरवा. नंतर क्रम बदलून पाहा. पुस्तक वेगळ्याच स्थितीत येते. झेड-एक्स-झेड क्रमात मधला कोन शून्य झाला की पहिला व तिसरा वेगळे ओळखता येत नाहीत: 20 व 30 अंश घेतले काय, 50 व 0 घेतले काय, स्थिती तीच. झेड-वाय-एक्स क्रमात हीच अडचण मधला कोन 90 अंशांना पोचल्यावर येते. म्हणून दिशा साठवायला बऱ्याच ठिकाणी चार आकड्यांचे क्वाटर्निऑन वापरतात. ते गणितज्ञ विल्यम हॅमिल्टन यांना 1843 मध्ये डब्लिनमध्ये सुचले.

एकच फेरी मोजणारे सूत्र −180 ते 180 अंशांतच उत्तर देते. पूर्ण फेऱ्या हव्या असतील तर आधीच्या क्षणाचा कोन लक्षात ठेवून 360 मिळवत जावे लागते. त्यासाठी दोन नोंदींमध्ये अर्ध्या फेरीपेक्षा कमी वळण हवे. मिनिटाला 3000 फेरे घेणारा क्रँक 0.01 सेकंदात नेमकी अर्धी फेरी करतो, म्हणजे नोंदी त्याहून जवळच्या हव्यात.

नवशिक्यांची सर्वांत जास्त फसगत मात्र एककात होते. आलेख अंशांत दिसतो, पण अ‍ॅडम्सची कोनाची फंक्शन्स रेडियनमध्ये उत्तर देतात (पूर्ण फेरी म्हणजे सुमारे 6.28 रेडियन). ‘कोन 90 झाला की थांब’ असे लिहिले तर क्रँक पाव फेरीवर थांबत नाही, चौदा फेऱ्या ओलांडून जातो. तिथे 1.57 लिहायला हवे होते.