गुडघ्याचं वंगण संपत नाही

गुडघे दुखायला लागले की घरोघरी एकच निदान होतं: 'वंगण संपलं.' मग जिना बंद, फिरणं बंद, आणि वर्षभरात खुर्चीतून उठतानाही हात टेकावे लागतात. खरं तर ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे सांध्याच्या झिजेच्या दुखण्यात, वंगण आटत नाही. सुजलेल्या गुडघ्यात ते उलट जास्तच साठतं, फक्त पातळ झालेलं असतं.

झिजते ती कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा काही मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत थर. त्यात रक्तवाहिन्या नाहीत. पोषण मिळतं ते याच वंगणातून, तेही स्पंजासारखं: पाऊल टेकलं की दाबून पाणी बाहेर, उचललं की पुन्हा आत. त्यामुळे बसून राहणाऱ्याची कूर्चा उपाशी राहते. कूर्चेत मज्जातंतूही नसतात. दुखतं ते खालचं हाड, सांध्याचं सुजलेलं अस्तर, ताणलेलं वेष्टण. म्हणूनच एक्स-रेत हाडाला हाड टेकलेला एखादा बाजारहाट करून येतो आणि बऱ्या एक्स-रेवाला जिन्यात कण्हतो.

झिजेच्या दुखण्यात सकाळचा आखडलेपणा साधारण अर्ध्या तासात सुटतो. तासभर टिकला आणि बोटांचे सांधेही सुजले, तर आमवाताची तपासणी करून घ्यावी. गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

गुडघ्यावरचा भार झेलतो मांडीचा पुढचा स्नायू, आणि विश्रांतीत आधी तोच वाळतो. पलंगावर पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. गुडघ्याची वाटी मांडीकडे सरकलेली दिसली की स्नायू कामाला लागला समजायचं. पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून दोनदा. आकडे मोठ्याने मोजले की श्वास आपोआप चालू राहतो, नाहीतर बरेच जण तो रोखून धरतात.

हे जमलं की खुर्ची. ती भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घ्या, हळू उठा आणि त्याहून हळू बसा. इथे बहुतेकांचं चुकतं: शेवटच्या वीतभर अंतरात धपकन बसतात, आणि स्नायूचं खरं काम तर तिथेच असतं. उठताना गुडघे आत वळू देऊ नका. जमतच नसेल तर उशी ठेवून बैठक उंच करा. व्यायाम करताना थोडं दुखलं तरी चालतं. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच राहिलं तर जितक्या वेळा करता तो आकडा निम्मा करा. फरक कळायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि नेमके पंधरवड्यातच लोक सोडून देतात.

वजन 1 किलोने घटलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोने उतरतो. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. उंची अशी, की सरळ उभं राहून हात सोडला तर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. तळाचं रबरी बूच गुळगुळीत झालं की बदला, ओल्या फरशीवर ते दगा देतं. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा. दुखणं जोरात असेल तेव्हा उकिडवं बसणं आणि जमिनीवरची मांडी टाळा. कमोड वापरणं म्हणजे हार मानणं नव्हे.

औषधांत पहिली पायरी डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं जेल. गुडघा त्वचेला जवळ, त्यामुळे ते उपयोगी पडतं आणि पोटाला फारसा त्रास देत नाही. त्याच जातीच्या गोळ्या मात्र दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने खाल्ल्या तर जठरात व्रण होतो, रक्तदाब चढतो, मूत्रपिंडं बिघडतात. कूर्चेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनवर खर्च करण्याइतका पुरावा नाही. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, पण वरचेवर घेतलं तर कूर्चा पातळ होऊ शकते. सांधेबदलाचा विचार करायचा तो एवढं सगळं करूनही झोप मोडत असेल आणि घरातल्या घरात चालणं अवघड झालं असेल तेव्हा. टॉवेलचा व्यायाम त्या शस्त्रक्रियेनंतरही करावाच लागतो.