लाउड क्लीन ट्यूब अ‍ॅम्पचं रेकॉर्डिंग

ट्यूब अ‍ॅम्प (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर) चांगल्या मोठ्या आवाजात पण न फाटता वाजवायचा, आणि तो आवाज माइकने पकडून रेकॉर्डिंगमध्ये तसाच भरीव ठेवायचा, या कामाला गिटारवाले आणि साउंडवाले ढोबळपणे 'क्लीन टोन काढणं' म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं कारण डिस्टॉर्शन (आवाज फाटणं) नाही, पेडल नाहीत, काही लपवाछपवी नाही, आणि नेमकी तीच अडचण आहे, डिस्टॉर्शनमध्ये अर्धे दोष झाकले जातात, क्लीनमध्ये बोट घसरल्याचा आवाज, जुनी झालेली तार, पिकचा टकटकाट, सगळं उघडं पडतं.

यातला कळीचा शब्द हेडरूम. म्हणजे अ‍ॅम्पचा आवाज फाटायला लागण्याआधी किती जागा शिल्लक आहे ते. ठरलेलं उदाहरण फेंडरचा ट्विन रिव्हर्ब, १९६३ साली आलेला, चार ६एल६ पॉवर ट्यूब, साधारण ८५ वॅट, १२ इंचाचे दोन स्पीकर, आणि उचलताना कंबरेची आठवण करून देणारं वजन. हायवॉटचा १०० वॅटवाला ईएल३४ ट्यूबचा हेडही (म्हणजे स्पीकर वेगळा जोडायचा अ‍ॅम्प) याच जातीचा. व्हॉक्स एसी३० मध्ये ईएल८४ असतात, तो ३० वॅटचा, क्लीन वाजतो पण लवकर कडेला येतो आणि ती कडाच बऱ्याच जणांना आवडते. आता वॅटचा हिशोब लोक चुकवतात, ८५ वॅटचा अ‍ॅम्प २२ वॅटवाल्याच्या चौपट मोठा वाजत नाही, फरक पडतो जेमतेम ६ डेसिबलचा, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. मोठ्या अ‍ॅम्पचे पैसे आवाजासाठी नाही, हेडरूमसाठी मोजायचे असतात.

व्हॉल्यूम किती ठेवायचा? अगदी कमी ठेवला तर आवाज पातळ आणि निर्जीव येतो, स्पीकरचा कोन (आतला कागदी शंकू) धड हललेलाच नसतो. हळूहळू वाढवत जायचं, जोरात कॉर्ड मारल्यावर कुठेतरी टोकाला हलकी खरखर आली की तिथून थोडं मागे यायचं, ही जागा बहुतेक वेळा सगळ्यात चांगली. शंभर टक्के क्लीन असा आवाज तसाही नसतो, ट्यूब थोडी दाबते, ट्रान्सफॉर्मर थोडा, स्पीकर थोडा, आणि आपण ज्याला 'उबदार क्लीन' म्हणतो तो या थोड्याथोड्याचाच हिशोब आहे. फेंडर टाइपच्या अ‍ॅम्पवर ब्राइट स्विच (वरचा आवाज चमकवणारा) असेल तर एक लक्षात ठेवा, तो कमी व्हॉल्यूमला जास्त लागतो, नॉब वर नेला की त्याचा परिणाम विरत जातो, म्हणून आवाज बदलला की टोन पुन्हा बघायचा. आणि त्या अ‍ॅम्पचे बेस, मिड, ट्रेबल (खालचा, मधला, वरचा आवाज) हे नॉब काही वाढवत नाहीत, फक्त कमी कापतात. तिन्ही शून्यावर आणून बघा, आवाज जवळपास गायब होतो. मिड मुळातच खड्ड्यात असतो म्हणून एकट्याने वाजवताना हा टोन गोड लागतो आणि बँडमध्ये हरवतो, तेव्हा मिड द्यायला घाबरायचं नाही.

आता मुख्य गोष्ट, जिच्यामुळे 'अ‍ॅम्पसमोर काय भारी वाजत होतं आणि रेकॉर्डिंगमध्ये पत्रा वाजतोय' असं होतं. अ‍ॅम्प जमिनीवर, वाजवणारा उभा, स्पीकरचं तोंड त्याच्या पोटरीकडे. १२ इंची स्पीकर खालचा आवाज चहूकडे पसरवतो पण वरच्या फ्रिक्वेन्सी टॉर्चच्या झोतासारख्या सरळ समोर फेकतो. तो झोत पायांवरून निघून जातो, कानाला ट्रेबल कमी लागते, मग माणूस ट्रेबल वाढवतो, आणि माइक मात्र त्या झोतातच ठेवलेला असतो! म्हणून टोन सेट करताना एकदा तरी खाली बसून, अ‍ॅम्प हळू करून, कान माइकच्या बाजूला नेऊन ऐका (हळू केल्याशिवाय नको, त्याचं पुढे सांगतो). अ‍ॅम्प खुर्चीवर किंवा खोक्यावर ठेवला तरी बराच फरक पडतो, जमिनीमुळे फुगलेला खर्जही थोडा उतरतो.

मग माइक. शुअर एसएम५७, १९६५ पासून चालत आलेला डायनॅमिक माइक, याच कामाला सगळीकडे लावला जातो आणि त्यात कमीपणा काही नाही, ५ ते ६ किलोहर्ट्झच्या आसपास त्याला थोडा उठाव आहे एवढं माहीत असलं की झालं. रिबन माइक, उदाहरणार्थ १९९८ चा रॉयर आर-१२१, वरचा भाग गुळगुळीत करतो, तीक्ष्ण ब्रिज पिकअपवर (गिटारच्या ब्रिजजवळचा, तारेचा आवाज पकडणारा भाग) औषधासारखा लागू पडतो, पण त्याची पट्टी नाजूक असते, वाऱ्याचा जोरदार झोत तिला सहन होत नाही, आणि तो मागूनही तेवढंच ऐकतो. कंडेन्सर (जास्त संवेदनशील माइक) लावला तर त्यावरचा १० किंवा २० डेसिबलचा पॅड, म्हणजे सिग्नल कमी करणारा स्विच, लागू शकतो.

कुठला माइक यापेक्षा कुठे ठेवलाय याने जास्त फरक पडतो, हे माझं ठाम मत आहे आणि यावर कितीही भांडायची तयारी आहे. जाळीच्या कापडातून आत काही दिसत नाही, तेव्हा टॉर्च टेकवून बघायचं, मधली गोल टोपी म्हणजे डस्ट कॅप दिसते आणि तिच्याभोवतीचा कागदी कोन. टोपीच्या बरोबर मधे माइक धरला तर सगळ्यात चमकदार आणि बोचरं, काठाकडे सरकत जाल तसं मऊ आणि मग झाकलेलं. टोपी आणि कोन जिथे जुळतात त्या सांध्यापासून सुरुवात करायची, जाळीपासून ३-४ सेंटीमीटरवर. एकाने हेडफोन घालून बसायचं, वाजवणाऱ्याने एकच चार कॉर्डची फिरत पुन्हा पुन्हा वाजवायची, आणि तिसऱ्याने माइक बोटभर बोटभर सरकवायचा. २ सेंटीमीटरमध्ये एखादी कॉर्ड काचेसारखी किणकिणते ती लाकडासारखी होते, खरंच एवढं, इक्वलायझरने एवढं नीट होत नाही. तिरका धरला, ४५ अंशात वगैरे, तर वरचा कडकपणा आणखी उतरतो. फार जवळ नेला तर दिशा असलेल्या माइकमध्ये खर्ज फुगतो, क्लीन कॉर्डला तो चिखल वाटतो, मग १०-१५ सेंटीमीटर मागे या. दोन स्पीकर असतील तर दोन्ही ऐकून बघा, एकाच डब्यातले असूनही सारखे वाजतीलच असं नाही.

दोन माइक लावणार असाल तर फेजचं, म्हणजे दोघांच्या लहरी एकमेकींशी जुळतात का ते, बघावंच लागतं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे दोन माइकमध्ये १७ सेंटीमीटरचा फरक असला तर अर्धा मिलिसेकंद उशीर, आणि दोन्ही सारख्याच लेव्हलला मिसळले की १ किलोहर्ट्झला खड्डा, गिटारच्या ऐन आवाजात. उपाय साधा, दोन्ही माइकची तोंडं एका रेषेत लावायची, मग एकाची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून आवाज जास्तीत जास्त पोकळ होईल अशी जागा शोधायची, सापडली की पोलॅरिटी परत सरळ. खोलीचा माइक एखाद-दीड मीटरवर ठेवायचा तो खोली बरी वाजत असेल तरच, छोट्या चौकोनी खोलीत तो बहुधा घोळच घालतो.

लेव्हल लावताना घाबरून कमी किंवा हौसेने जास्त, दोन्ही नको. क्लीन गिटारचा सुरुवातीचा ठोका मागून टिकणाऱ्या आवाजापेक्षा खूप उंच असतो, मीटर हळू असेल तर तो दिसतही नाही, म्हणून २४ बिटमध्ये टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवली की निवांत. स्प्रिंग रिव्हर्ब वाजवणाऱ्याला हवा असेल तर असू दे, पण एकदा टेकमध्ये (रेकॉर्ड केलेल्या फेरीत) गेला की निघत नाही, शंका असेल तर कमी.

आवाजाबद्दल आता. ८५ वॅट आणि तसे स्पीकर म्हणजे पूर्ण जोरात एका मीटरवर १२० डेसिबलच्या घरात जाऊ शकतं. अमेरिकेच्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावरच्या संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास अशी आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं. डायनॅमिक माइकला त्याचं काही वाटत नाही, कानाला वाटतं. शिवाय मोठ्या आवाजात खर्ज आणि ट्रेबल कानाला जास्त भरतात, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच ते मोजून दाखवलं, त्यामुळे खोलीत जे 'भरलेलं' वाटतं त्यातला काही भाग नुसता दणदणाटच असतो. टेक नेहमी दुसऱ्या खोलीत, बोलण्याच्या आवाजाएवढ्या हळू ऐकून ठरवायचा.

शेजाऱ्यांमुळे शक्यच नसेल तर अटेन्युएटर (अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मधे बसून आवाज कमी करणारा) किंवा लोडबॉक्स (स्पीकरऐवजी अ‍ॅम्पचा भार घेणारा डबा). लोडबॉक्सवर स्पीकरच्या जागी इम्पल्स रिस्पॉन्स (स्पीकर आणि माइकच्या आवाजाची डिजिटल नक्कल) लावतात आणि काम होऊन जातं. स्पीकर किंवा लोड न जोडता ट्यूब अ‍ॅम्प मात्र कधीच वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

खडखडीकडे लक्ष द्या. क्लीनमध्ये खोलीतली प्रत्येक सैल वस्तू बोलते, ड्रमची स्नेअर, खिडकीची काच, अ‍ॅम्पचं हँडल. माझी एक अख्खी दुपार फुकट गेलीय, सगळ्या टेकमध्ये फक्त 'ए' हा सूर वाजला की झिर्रर्र, ट्यूब बदलून झाल्या, केबल बदलून झाली, शेवटी निघाला अ‍ॅम्पच्या मागच्या फळीचा एक ढिला स्क्रू. तेव्हापासून आधी सगळ्या तारा हळू हळू खालून वर एकेक सूर वाजवत जातो आणि कान देतो.

मिक्समध्ये फार काही करायला लागू नये. खालची ई तार ८२ हर्ट्झची, तेव्हा ८० च्या खाली कापायला हरकत नाही, बास गिटार असेल तर १०० च्याही वर जा. कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारा) ३:१ किंवा ४:१, अटॅक, म्हणजे तो दाबायला किती लवकर लागतो, तो थोडा सावकाश, नाहीतर पिकचा ठोका मरतो आणि तोच तर क्लीनचा जीव. रुंदी हवी असेल तर तोच भाग खरोखर दोनदा वाजवून डावीकडे-उजवीकडे टाकायचा, कॉपी-पेस्ट केलेला चालत नाही, तो मधेच बसतो. एकटं ऐकताना थोडं बारीक वाटलं तरी लगेच खर्ज वाढवू नका, बास आणि किक चालू करून परत ऐका.