पाणथरी काढणं: पोट उघडून की दुर्बिणीतून?

डाव्या बरगड्यांच्या आड, जठराच्या मागे दडलेली पाणथरी निरोगी माणसात जेमतेम मुठीएवढी, १५० ग्रॅमच्या आसपास असते. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे ५ टक्के वाटा तिच्यातून जातो आणि तिचं आवरण अगदी पातळ असतं. त्यामुळे ती काढताना सर्जनला सगळ्यात मोठी धास्ती असते ती रक्तस्रावाची.

१८२६ मध्ये जर्मनीतल्या रोस्टॉकचे सर्जन क्विटेनबाउम यांनी आजारी पाणथरी काढली, तेव्हा रुग्ण काही तासांतच दगावली. १८६७ मध्ये पॅरिसला झ्यूल पेआँ यांनी अंडाशयाची गाठ समजून पोट उघडलं, तर गाठ पाणथरीत निघाली. ती रुग्ण वाचली. पुढे १९१६ मध्ये प्रागचा वैद्यकीय विद्यार्थी पॉल काझ्नेल्सोन याने प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) पाणथरीतच नष्ट होत असाव्यात असं सुचवलं. सर्जन श्लोफर यांनी पाणथरी काढण्याची शस्त्रक्रिया केली आणि प्लेटलेट झपाट्याने वाढल्या. प्लेटलेट कमी होण्याचा हा आजार, म्हणजे आयटीपी, आजही पाणथरी काढण्याचं एक प्रमुख कारण आहे.

१९५२ मध्ये पाणथरी काढलेल्या तान्ह्या मुलांत जीवघेणे जंतुसंसर्ग दिसले. म्हणून ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी किमान दोन आठवडे न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लशी देतात. मार्ग कोणताही असो, यात सूट नाही.

१९९१ मध्ये पॅरिसमध्ये देलेत्र आणि मेन्यां यांनी पाणथरी दुर्बिणीतून काढली. सुरुवातीला रुग्णाला उताणं झोपवत. मग पाणथरी अवजाराने उचलावी लागे आणि आवरण फाटे. माझ्या मते खरी सुधारणा कॅमेऱ्याने नव्हे, कुशीवर झोपवण्याने झाली. रुग्ण उजव्या कुशीवर असला की जठर आणि आतडी आपल्या वजनाने खाली सरकतात आणि पाणथरी श्वासपटलाला (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला) लोंबकळत राहते. आधी मोठ्या आतड्याकडचा बंध सोडवायचा, मग जठराकडच्या बारीक रक्तवाहिन्या, मग मुळाशी, म्हणजे मोठ्या रक्तवाहिन्या आत शिरतात तिथे, त्या बंद करून कापणारा स्टेपलर. वरचा बंध मुद्दाम शेवटी कापतात, नाहीतर पाणथरी निसटून घरंगळते.

मुळाशी स्वादुपिंडाचं शेपूट अगदी लगत असतं. ते स्टेपलरमध्ये सापडलं की पाचक रस गळू लागतो. शिवाय दहातल्या एकदोघांना छोटी जादा पाणथरी असते. आयटीपीत ती राहून गेली, तर आजार उलटू शकतो.

बारा मिलिमीटरच्या भोकातून अख्खी पाणथरी येत नाही. ती पिशवीत घालून आतच तुकडे करतात. पिशवी फाटली तर सांडलेले तुकडे पोटात रुजू शकतात. लिम्फोमाच्या (लसीका पेशींच्या कर्करोगाच्या) तपासणीसाठी अखंड नमुना हवा असेल, तर छोटा छेद घ्यावाच लागतो.

दुर्बिणीने दुखणं कमी होतं आणि रुग्ण लवकर घरी जातो. पण लांबी २० सेंटिमीटरपलीकडे गेली, पोर्टल शिरेतला (यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला) दाब वाढलेला असला किंवा अपघातात पाणथरी फुटून रक्तदाब कोसळत असला, तर बहुतेक वेळा पोट उघडणंच शहाणपणाचं. स्टेपलर लागण्याआधी मुळाची शीर फाटली, तर रक्त प्रकाश शोषून घेतं आणि पडद्यावर नुसता अंधारा लाल रंग दिसतो. त्या क्षणी छेद घेऊन बोटांनी शीर दाबणं हे अपयश नव्हे, उपचारच आहे.