श्रावणात नॉनव्हेज बंद करूनही वजन का उतरत नाही

श्रावण लागला की ठाण्यात जांभळी नाक्याला भाजी घ्यायला गर्दी वाढते, मासळी बाजारात शुकशुकाट होतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर दोनचार जण तरी म्हणतात की चला, महिनाभर व्हेज खायचंय तर वजन पण उतरेल. मग श्रावण संपतो, गणपती येतात, मोदक होतात आणि काटा होता तिथेच असतो, कधी कधी तर एखादा किलो वरच गेलेला असतो. बरेच जण मग म्हणतात आमची बॉडीच अशी आहे, थायरॉईड असेल वगैरे. असेलही एखाद्याला, पण बहुतेकांच्या बाबतीत कारण ताटातच असतं. मटण बंद केल्याने आपोआप काही होत नाही, मटणाच्या जागी काय आलं त्यावर सगळं ठरतं.

आणि श्रावणात जागा कोण घेतं? सोमवारी, शनिवारी साबुदाणा खिचडी. आता ही खिचडी नीट उघडून बघूया. एका माणसाला साधारण ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा लागतो, त्याच्या २१० कॅलरी, आणि प्रोटीन जवळजवळ शून्य कारण साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा नुसता स्टार्च. त्यात २५ ग्रॅम दाण्याचं कूट, १४० कॅलरी, प्रोटीन सहाएक ग्रॅम, म्हणजे खिचडीत जे काही प्रोटीन आहे ते दाण्याचंच. फोडणीला टेबलस्पूनभर तूप, अजून ११५ ते १२०. बटाट्याच्या फोडी धरल्या की एक प्लेट ५०० कॅलरीला पोचते आणि ही आपण "उपास" म्हणून खातो, वर दुपारी वेफर्स आणि संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू. त्याऐवजी दोन फुलके, वाटीभर मटकीची उसळ चमचाभर तेलातली आणि काकडीची कोशिंबीर घेतली तर सगळं मिळून साडेतीनशेच्या आसपास जातं आणि प्रोटीन दुप्पट. खिचडी मला मनापासून आवडते, ती सोडा असं मी कुणालाच सांगणार नाही, फक्त तिला हलकं खाणं समजू नका.

शाकाहाराने वजन उतरतं हे खोटं नाहीये पण. उलट त्याचा चांगला अभ्यास झालाय. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या केविन हॉल यांच्या टीमने २० जणांना चार आठवडे संस्थेतच ठेवून घेतलं, दोन आठवडे कमी फॅटचं वनस्पतीजन्य जेवण आणि दोन आठवडे मांस-अंडी-चीजवालं किटो जेवण (पिष्ट अगदी कमी, फॅट भरपूर), दोन्ही वेळी हवं तेवढं खा, कुणी अडवणार नाही. २०२१ मध्ये निकाल छापून आला. वनस्पतीजन्य जेवणावर असताना लोकांनी रोज जवळजवळ ७०० कॅलरी कमी खाल्ल्या, आणि भूक किंवा जेवणाची मजा यात दोन्हीकडे फरक वाटला नाही असं त्यांनीच सांगितलं. प्रोटीनचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच होतं. म्हणजे कुणी उपाशी न राहता, मन न मारता, आपसूक कमी खाल्लं. गंमत म्हणजे सुरुवातीला काट्यावर किटोवाले पुढे दिसत होते, पण ते बरंचसं पाणी होतं, शरीरातली चरबी ठळकपणे घटली ती वनस्पतीजन्य जेवणावर.

असं का होतं तर पोटाला कॅलरी मोजता येत नाहीत. पोट किती ताणलं गेलं, अन्न किती वेळ आत राहिलं, आतड्यातून कुठली हार्मोन्स सुटली यावर मेंदू ठरवतो की बास. भाज्या, फळं, शिजलेली कडधान्यं यांच्यात पाणी आणि फायबर भरपूर, त्यामुळे ताट भरलेलं दिसतं, चावायला वेळ लागतो आणि कॅलरी मात्र कमी जातात. याच्या बरोबर उलटं काम तेल करतं. एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रोटीनमधून ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम तेल-तुपातून ९, आणि जागा तर ते जवळजवळ घेतच नाही. हॉल यांच्या त्या वनस्पतीजन्य जेवणात फॅटपासून फक्त १० टक्के कॅलरी होत्या, आपलं घरचं व्हेज जेवण त्याच्या जवळपासही नसतं. घरातला हिशोब करून बघा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा कॅन संपत असेल (बऱ्याच घरात संपतो) तर माणशी रोजचं ३८ ग्रॅम तेल होतं, म्हणजे ३४० कॅलरी, आणि यात तूप, बाहेरचे वडे, फरसाण काहीच धरलेलं नाही. कॅनवर मार्करने तारीख लिहून ठेवायची सवय लावली तर कुठलंही अॅप न वापरता घराचं तेल कळतं, माझ्या मते वजन कमी करायची पहिली पायरी हीच असायला हवी.

मिसळ हे तर याचं सगळ्यात चांगलं उदाहरण, आणि ठाण्यात राहून मिसळीबद्दल बोललं नाही असं होणारच नाही. त्या प्लेटमध्ये तळाला जी मटकी असते ती वजन उतरवायला अगदी उत्तम, प्रोटीन आहे, फायबर आहे, तासन्‌तास भूक लागत नाही. तिच्यावर येतं तळलेलं फरसाण, त्यावर लाल तर्री जिचा वरचा थर निव्वळ तेल असतो, आणि सोबत मैद्याचे दोन पाव, मग एक एक्स्ट्रा. प्लेट एकच, पण त्यात दोन वेगळी जेवणं आहेत. फरसाण कमी टाका, मटकी जास्त द्या, तर्री वाटीत वेगळी द्या एवढं सांगितलं तरी खूप फरक पडतो, बरेच मिसळवाले देतात आनंदाने. दही मागवलं तर अजून छान.

प्रोटीनबद्दल मात्र आपण शाकाहारी लोक खरंच गाफील असतो. पातळ वरणाच्या वाटीत १५-२० ग्रॅम डाळ असते, त्यातून मिळतं चारएक ग्रॅम प्रोटीन. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबाने माणसाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम लागतं, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ५८ ग्रॅम, आणि वजन कमी करत असताना याहून थोडं जास्तच हवं, कारण तेव्हा शरीर चरबीसोबत स्नायूही खर्च करत असतं. शिवाय प्रोटीन पचवायलाच त्यातल्या २० ते ३० टक्के कॅलरी खर्च होतात, पिष्टाला ५ ते १० टक्के आणि फॅटला फार तर ३. मग आणायचं कुठून? वरण घट्ट करा, उसळ रोजची करा, आणि सोयाचंक्स खा, ३० ग्रॅम चंक्समधून १५ ग्रॅम प्रोटीन मिळतं आणि कॅलरी शंभरच्या आसपास. पनीरमध्ये प्रोटीन आहे पण फॅट त्याहून जास्त असतं, तेवढ्याच टोफूत (सोयाबीनच्या पनीरमध्ये) कॅलरी निम्म्याहून कमी, हल्ली वाशी-नेरूळला कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतो.

स्नायूंचा मुद्दा आपल्या लोकांसाठी जास्तच महत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वजन-उंचीचं गणित सारखं आणि आतून शरीर एवढं वेगळं. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन धरतात, २५ नाही, आणि कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८० च्या आत असावी असं सांगतात. नुसतं भाताचं प्रमाण कमी करून, अर्धपोटी राहून वजन पाडलं तर चरबीसोबत स्नायूही जातात. येऊरला चालायला जाणं, नेरूळच्या ज्वेल पार्कला फेऱ्या मारणं चांगलंच आहे पण त्यात आठवड्यातून दोनतीनदा उठाबशा, जोर, डंबेल असं काहीतरी वजन उचलण्याचं घाला, साठीच्या आजी-आजोबांनीही, फक्त डॉक्टरांना विचारून.

एकादशीनंतर काटा दीड किलो उतरलेला दिसला तर लगेच खूश होऊ नका. लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने राखून ठेवलेली साखर, साठवलेलं असतं, त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी असतं, कमी खाल्लं की हे दोन्ही जातं आणि द्वादशीला जेवलात की परत येतं. आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास हळूहळू उतरत असेल तर ती चरबी असण्याची शक्यता जास्त.

जे दूध-दहीही सोडून पूर्ण वीगन झालेत त्यांच्यासाठी एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो, बी-१२ ची गोळी घ्याच. हे व्हिटॅमिन बॅक्टेरिया बनवतात, झाडं बनवत नाहीत, पालकात नाही आणि मोडाच्या मुगातही नाही. लिव्हरमध्ये साठा असतो त्यामुळे कमतरता कळायला कधी कधी वर्षं जातात, आणि मग हातापायाला मुंग्या येतात, थकवा येतो, विसरायला होतं आणि आपण डाएटमुळे वीकनेस आलाय असं समजतो. दूध पिणाऱ्या शाकाहाऱ्यांमध्येही बी-१२ कमी असणारे खूप आहेत, त्यात डायबेटिससाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते अजून कमी होऊ शकतं. डाएट सुरू करायच्या आधी ब्लड टेस्ट करताना शुगर आणि थायरॉईडच्या सोबत बी-१२ पण लिहून द्या असं डॉक्टरांना आवर्जून सांगा.