शेती, मत्स्यव्यवसाय व व्यापार : संसद सदस्याचे कामकाज

या तीन विषयांवर भारतीय संसदेच्या सदस्याने प्रश्न, चर्चा, विधेयके व समित्यांद्वारे केलेले काम. ही आयुधे परिचित आहेत. खरी गुंतागुंत अधिकारक्षेत्राची आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत कृषी (नोंद १४), मत्स्यव्यवसाय (२१) आणि बाजार व जत्रा (२८) हे विषय राज्यसूचीत येतात. परदेशी व्यापार (४१), आंतरराज्य व्यापार (४२) आणि प्रादेशिक जलधीपलीकडील (किनाऱ्यालगतच्या देशाच्या समुद्रपट्ट्याबाहेरील) मासेमारी (५७) संघसूचीत. ज्या बाबीशी केंद्राचा प्रामुख्याने संबंध नाही, तिच्यावरील प्रश्न नियमानुसार ग्राह्य धरला जात नाही. त्यामुळे शेतीवरचा प्रश्न बहुधा हमीभाव, आयात-निर्यात किंवा केंद्रीय योजना यांच्या आडून विचारावा लागतो.

मासळीच्या बाबतीत ही विभागणी समुद्रातच होते. १९७६ च्या सागरी क्षेत्रविषयक कायद्याने प्रादेशिक जलधी १२ सागरी मैलांपर्यंत ठरवला. त्याच्या आतील मासेमारीचे नियमन महाराष्ट्रात १९८१ च्या राज्य कायद्याने होते. त्यापलीकडे केंद्राचा अधिकार. निर्यातीचे काम मात्र वाणिज्य मंत्रालयाच्या कक्षेतील सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाकडे (१९७२) आहे. मत्स्यव्यवसायाला, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसायासह, कृषीपासून वेगळे मंत्रालय २०१९ मध्ये मिळाले.

समवर्ती सूचीतील, म्हणजे केंद्र व राज्ये दोघांनाही कायदे करता येणाऱ्या विषयांच्या यादीतील, नोंद ३३ सर्वाधिक वादग्रस्त आहे. १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने तिच्यात अन्नपदार्थ, वैरण, कच्चा कापूस व कच्चा ताग यांच्या व्यापाराचा समावेश झाला. केंद्राच्या २०२० च्या कृषी कायद्यांच्या समर्थकांनी तिचाच आधार घेतला. त्यांपैकी व्यापारविषयक कायद्यातील शेतमालाच्या व्याख्येत मत्स्योत्पादनेही होती. विरोधी मतानुसार राज्यसूचीतील फक्त नोंदी २६ (राज्यांतर्गत व्यापार) व २७ (मालाचे उत्पादन, पुरवठा व वितरण) नोंद ३३ च्या अधीन आहेत. १४ व २८ तशा नाहीत, म्हणून बाजार आवार हा राज्याचाच विषय ठरतो. नोंदींची शब्दरचना पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तंबाखूच्या बाजार शुल्काविषयीच्या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या बहुमताचा कलही राज्यांच्या बाजूने होता. मात्र तो माल वेगळा होता, त्यामुळे तो निकाल थेट लागू करणे धाडसाचे होईल. न्यायालयाने १२ जानेवारी २०२१ रोजी २०२० च्या कृषी कायद्यांच्या अंमलबजावणीस स्थगिती दिली. पुढे त्याच वर्षी संसदेने ते रद्द केले आणि अधिकारक्षेत्राचा मुद्दा अनिर्णित राहिला.

खासगी सदस्यांच्या (मंत्री नसलेल्या खासदारांच्या) विधेयकांचा कायदा होणे दुर्मिळ. असे शेवटचे उदाहरण १९७० चे. हातकणंगलेचे तत्कालीन खासदार राजू शेट्टी यांनी २०१८ मध्ये लोकसभेत शेतकऱ्यांची कर्जमुक्ती व हमीभावाचा हक्क यांविषयी दोन विधेयके मांडली. त्यांचे कायद्यात रूपांतर झाले नाही. तरीही अशा विधेयकाने मागणीला कायद्याची भाषा मिळते, हा त्याचा उपयोग कमी लेखू नये.

कृषी ही १९८९ मध्ये नेमलेल्या पहिल्या तीन विषय समित्यांपैकी एक. विभागसंबंधित (एकेका मंत्रालयाचे काम तपासणाऱ्या) स्थायी समित्यांची व्यापक पद्धती १९९३ पासूनची. सध्या प्रत्येक समितीत लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० सदस्य असतात. बैठका बंद दाराआड होतात. शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात.