द रेड हाउस मिस्टरी

ए. ए. मिल्न (१८८२–१९५६) या इंग्रज विनोदी लेखकाची १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेली रहस्यकादंबरी. मिल्न म्हटले की वाचकाला आधी आठवते ते ‘विनी द पू’ हे मधावर जीव असलेले अस्वल. पण पू पुस्तकरूपाने अवतरण्याच्या चार वर्षे आधी त्याच्या निर्मात्याने एका सधन गृहस्थाच्या बंगल्यात मुडदा पाडला होता, आणि तो पाडताना त्याची विनोदबुद्धी तसूभरही ढळली नव्हती. तेव्हापासून कादंबरी वाचली जात आहे आणि तेव्हापासूनच तिच्याबद्दल दोन तट आहेत. एका नामवंत समीक्षकाने तिला आजवरच्या तीन सर्वोत्तम रहस्यकथांत बसवले. दुसऱ्या एका रहस्यकथाकाराने तिचे कथानक सात ठिकाणी उसवून दाखवले. उसवणाऱ्यालाही ती वाचायला मात्र आवडली होती, ही या वादातली खरी गंमत.

मिल्न केंब्रिजला गणित शिकला आणि १९०६ पासून ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचा सहसंपादक होता. पहिल्या महायुद्धात तो सैन्यात होता. युद्धानंतर नाटककार म्हणून त्याचा जम बसत असतानाच त्याने खूनकथा लिहिण्याचा मनसुबा जाहीर केला. त्यावर काय झाले ते त्याने १९२६ च्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितले आहे. ‘पंच’च्या लेखकाकडून लोकांना विनोदी गोष्ट हवी असते, असे त्याच्या व्यवसाय-प्रतिनिधीचे म्हणणे पडले. मिल्नने ते मानले नाही. कादंबरी चांगली खपली. दोन वर्षांनी तो बालगीते लिहू लागला तेव्हा हाच प्रतिनिधी, आणि सोबत प्रकाशकही, लोकांना आता नवी खूनकथाच हवी आहे असे सांगू लागला. मिल्नने तेही मानले नाही आणि बालगीतांचे ‘व्हेन वी वेअर व्हेरी यंग’ हे पुस्तक १९२४ मध्ये आले. मग मागणी मुलांच्या पुस्तकांची झाली. तेव्हा एवढ्या मागणीच्या तोंडावर खूनकथा लिहिणे अभिरुचीला शोभणार नाही, असे त्याने साळसूदपणे नोंदवून ठेवले. पुस्तक त्याने वडिलांना अर्पण केले आहे. सगळ्या भल्या माणसांप्रमाणे तुम्हालाही हेरकथांचे वेड आहे आणि पुरेशा हेरकथा निघत नाहीत ही तुमची तक्रार आहे, म्हणून ही एक घ्या, अशा अर्थाचा त्या अर्पणपत्रिकेचा सूर आहे.

कथेचा घाट त्या काळाच्या इंग्रजी खूनकथेचाच आहे. उन्हाळ्यातली पेंगुळलेली दुपार, खेड्याजवळचे रेड हाउस नावाचे मोठे घर, कलावंतांचा आश्रयदाता म्हणवून घ्यायला आवडणारा मालक मार्क ॲब्लेट, त्याचा सगळा कारभार पाहणारा केली नावाचा चुलतभाऊ आणि मुक्कामाला आलेले चार-पाच पाहुणे. न्याहारीच्या वेळी मार्कला पत्र येते : पंधरा वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाला पिटाळलेला, घराण्याला बट्टा लावणारा भाऊ रॉबर्ट आज भेटायला येतो आहे. पाहुणे गोल्फ खेळायला जातात. रॉबर्ट येतो, त्याला कचेरीच्या खोलीत बसवले जाते आणि थोड्याच वेळात गोळीचा आवाज होतो. दार आतून बंद. केली ते धडाधडा वाजवत असतानाच अँटनी गिलिंगहॅम नावाचा एक तरुण सहज म्हणून तिथे येऊन ठेपतो. पाहुण्यांतल्या बिल बेव्हर्लीचा तो मित्र. दोघे घराला वळसा घालून खिडकीतून आत शिरतात. कपाळात गोळी लागलेला माणूस जमिनीवर पडला आहे आणि मार्कचा पत्ता नाही. पोलीस मार्कच्या मागे लागतात. गिलिंगहॅमच्या डोक्यात मात्र एक बारीकशी गोष्ट घोळत राहते : खिडकीकडे जाताना केली जिवाच्या आकांताने धावला, पण लांबच्या वाटेने का?

गिलिंगहॅम हा या पुस्तकाचा प्राण. एकविसाव्या वर्षी आईकडून वर्षाला चारशे पौंड मिळू लागल्यावर त्याने जग पाहायचे ठरवले, पण त्यासाठी जहाजात बसला नाही. लंडनमध्येच कधी हुजऱ्या, कधी बातमीदार, कधी वेटर, कधी दुकानातला नोकर झाला. कंटाळा आला की धंदा बदलायचा. गुप्तहेरगिरी हा त्याच्या लेखी असाच पुढचा धंदा. तो बिलला विचारतो, शेरलॉक होम्सला होता तसा माझा पूर्ण वॉटसन होण्याची तुझी तयारी आहे का? बिल आनंदाने तयार होतो. पुढचे अर्धेअधिक पुस्तक म्हणजे या दोघांचा एकमेकांना चिडवत चाललेला खेळ आहे. रात्रीच्या काळोखात तळ्यावर पाळत ठेवायची, अंथरुणात आपल्या जागी बाहुले झोपवायचे, ग्रंथालयातून निघणारे भुयार शोधायचे. ते सापडते कुठे, तर कुणी कधी हात लावणार नाही अशा धर्मप्रवचनांच्या कपाटामागे. हा तर्क हेराचा आहे तितकाच ‘पंच’च्या संपादकाचा.

विनोद कथेवर वरून शिंपडलेला नाही, तो संवादांच्या चालीत आहे. एखाद्या भयंकर शक्यतेवर बोलता बोलता दोघे मित्र मध्येच चहाची वेळ झाल्याचे आठवतात. नोकरमंडळींच्या साक्षी, स्वयंपाकघरातली कुजबूज, मार्कचा बालिश मोठेपणा हे सारे मिल्न चिमटे काढत रंगवतो आणि कुणाला दुखावत नाही. तिरकस पण दयाळू असा हा सूर ज्यांना जमतो त्यांना पुस्तक खाली ठेवता येत नाही. ज्यांना जमत नाही त्यांना वाटते की घरात खून होऊनही कुणाला त्याचे सोयरसुतक नाही. ही दुसरी तक्रार उडवून लावण्यासारखी नाही. मेलेल्या माणसासाठी या कादंबरीत खरोखरच कुणी रडत नाही.

पुढील मजकुरात रहस्याची उकल आली आहे. ज्यांना कादंबरी अजून वाचायची आहे त्यांनी शेवटच्या दोन परिच्छेदांकडे वळावे.

अमेरिकन समीक्षक अलेक्झांडर वुलकॉट (१८८७–१९४३) याने या कादंबरीला सार्वकालिक तीन उत्तम रहस्यकथांपैकी एक ठरवले. वुलकॉट अतिशयोक्तीचा भोक्ता होता, पण त्याच्या शब्दाला वजन होते आणि ते वाक्य पुस्तकाला कायमचे चिकटले. त्याच्या मृत्यूनंतर, डिसेंबर १९४४ च्या ‘अटलांटिक मंथली’मध्ये रहस्यकथाकार रेमंड चँडलरने इंग्रजी खूनकथेवर झोड उठवणारा ‘द सिंपल आर्ट ऑफ मर्डर’ हा लेख लिहिला आणि नमुना म्हणून नेमकी हीच कादंबरी टेबलावर घेतली. पुस्तक प्रसन्न आहे, हलकेफुलके आहे, त्यातला ओघ वाटतो तितका सोपा नाही, एवढे त्याने आधी मान्य केले. मग सुरी चालवली.

उकल अशी, की रॉबर्ट आलाच नव्हता. तो तीन वर्षांपूर्वीच मेला होता. पाहुण्यांतल्या एका नटीने भुताचे सोंग घेऊन मार्कची फजिती केली होती. तिच्यावर उलट डाव टाकायचा म्हणून, केलीच्या चिथावणीने, मार्क दाढी उतरवून रॉबर्टचे सोंग घेतो आणि त्याच सोंगात केली त्याला गोळी घालतो. खुनी म्हणून ज्याचा शोध चालला आहे तोच मुडदा. चँडलर विचारतो, प्रेताची रीतसर ओळख पटवल्याशिवाय मृत्युचौकशी झालीच कशी? रॉबर्टच्या मूळ गावात त्याला ओळखणारे कुणीतरी असणार, त्यांच्यापैकी एकालाही का बोलावले नाही? ऑस्ट्रेलियात साधी विचारपूस का केली नाही? मार्कच्या हालचालींबद्दलचा सगळा पुरावा एकट्या केलीच्या तोंडून आला, तो पडताळून का पाहिला नाही? नुकतीच दाढी केलेली कोवळी कातडी आणि ऐषआरामात वाढलेले शरीर पाहून पोलिसांच्या डॉक्टरला, पंधरा वर्षे रानावनात काढलेला माणूस असा कसा, असा प्रश्न कसा पडला नाही? कपड्यांवरच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या आहेत याचे कुणालाच नवल कसे वाटले नाही? आणि सगळ्यात मोठा आक्षेप : एक माणूस बेपत्ता आहे, त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा मरून पडला आहे, तरी हे दोघे एकच असतील ही शंकाही पोलिसांच्या मनाला शिवत नाही.

सातही आक्षेप खरे आहेत. मिल्नच्या चाहत्यांनी एकेकाला उत्तर शोधण्याच्या फंदात पडू नये, उत्तरे नाहीत. प्रश्न असा आहे, की वाचक या पुस्तकाकडे कशासाठी येतो. खून हा खऱ्या जगातला गुन्हा आहे आणि तो करणाऱ्या हातांना वास असला पाहिजे, हा चँडलरचा आग्रह होता. मिल्नला खून हवा होता तो दोन मित्रांना आठवडाभर बुद्धीची चैन करता यावी म्हणून. सर्कशीतल्या दोरीवर चालणाऱ्याला जिन्याने का गेला नाहीस असे विचारावे, तसे चँडलरचे पहिले सहा आक्षेप वाटतात. सातवा मात्र निराळा, कारण तो कादंबरीच्या स्वतःच्या नियमांतच बोट घालतो. खेळ बुद्धीचा म्हणायचा आणि सगळ्यांत साधी शक्यता कुणी बोलायची नाही, हे खेळाच्या हिशेबातही बसत नाही.

शिवाय आजच्या वाचकाची मुख्य तक्रार चँडलरच्या यादीत नाहीच. सुरुवातीलाच मिल्न बहुतेक पाहुण्यांना लंडनच्या गाडीत बसवून देतो. घरात उरतात दोन शोधक आणि केली. संशयितांची अशी दुष्काळी स्थिती असल्यावर हात कुणाचा हे मध्यावरच कळते, आणि जुळ्या-तोतयांच्या युक्त्यांवर पोसलेल्या वाचकाला तर प्रेत कुणाचे हेही कळून चुकते. १९२२ चा वाचक इतका सराईत नव्हता. अगाथा ख्रिस्तीची पहिली कादंबरी येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती, आणि तिच्या मोठ्या हुलकावण्या अजून यायच्या होत्या. म्हणून आज हे पुस्तक वाचावे ते ‘कोणी’साठी नव्हे, ‘कसे’साठी. गिलिंगहॅम दरवेळी एक सिद्धान्त उभारतो, दुसऱ्या दिवशी तो स्वतःच मोडतो आणि या पडझडीची गंमत बिलइतकीच त्यालाही वाटते, हे फार चांगले साधले आहे. केलीचा शेवटचा कबुलीजबाब मात्र लांबला आहे. तिथे विनोद थांबतो आणि एका उपकाराखाली दबलेल्या, आपल्या आवडत्या मुलीवर त्याच उपकारकर्त्याने डोळा ठेवलेला पाहणाऱ्या माणसाचा साचलेला द्वेष उघडा पडतो. काहींना ही पाने पुस्तकाला शोभत नाहीत असे वाटते. माझ्या मते पुस्तकातला एकमेव खरा माणूस याच पानांत भेटतो.

१९२६ च्या प्रस्तावनेत मिल्नने आपल्या आवडीनिवडीही मांडल्या आहेत. हेरकथा साध्या, सरळ भाषेत असावी. प्रेमप्रकरण नको, कारण मफिनवरची पांढरी पूड सोमल आहे की चेहऱ्याची पावडर हे कळायला उतावीळ झालेल्या वाचकाला नायक-नायिकेच्या हस्तस्पर्शासाठी ताटकळवता येत नाही. सूक्ष्मदर्शक घेऊन फिरणारा शास्त्रज्ञ-हेर नको. वाचकाला जेवढे दिसते तेवढ्यावरच बुद्धी चालवणारा हौशी माणूस हवा. त्याने आपले तर्क शेवटच्या प्रकरणासाठी दाबून ठेवू नयेत, आणि म्हणून जोडीला वॉटसन हवाच. हे नियम पुढे १९२९ मध्ये रोनल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथाकाराने घालून दिलेल्या रहस्यकथेच्या प्रसिद्ध दहा आज्ञांइतके गाजले नाहीत, पण जास्त शहाणे आहेत.

गिलिंगहॅमचा हात आता कुठे बसू लागला आहे असे सुचवून कादंबरी संपते, तरी मिल्नने त्याला पुन्हा कधी बोलावले नाही. रहस्यकथेशी त्याचा संबंध मात्र तुटला नाही. १९३० मध्ये लंडनच्या डिटेक्शन क्लब या रहस्यकथाकारांच्या मंडळाच्या संस्थापक सदस्यांत तो होता आणि ‘फोर डेज वंडर’ (१९३३) या कादंबरीत त्याने हेरकथेच्या वाचनवेडाचीच थट्टा केली. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे १ जानेवारी २०१७ पासून या कादंबरीचा मराठी अनुवाद करायला कुणाच्या परवानगीची गरज उरलेली नाही. इंग्रजी मूळ प्रकल्प गुटेनबर्गवर फुकट वाचता येते.